नावापुण्यतर : डहाणू-संजाण किनाऱ्यावरील धर्मनौकांचे दोन लेख

(१)

कोंकणच्या बंदरांचा इतिहास लिहावयाचा म्हटला म्हणजे आपल्याकडे बहुधा किल्ल्यांपासून आरंभ करतात. कोणत्या सालीं कोणता किल्ला कोणीं घेतला, किती तोफा सांपडल्या, तहांत काय ठरलें, हें सर्व कागदोपत्रीं आढळतें व म्हणून तेंच छापलें जातें. परंतु किल्ल्याच्या पायथ्याशीं मासेमारांची जी वस्ती असते, जिच्या होड्यांवांचून किल्ल्यास दाणागोटा पोंचत नाहीं व खाडीपलीकडे मनुष्य जात नाहीं, तिचा इतिहास कोठें शोधावयाचा, हा प्रश्न सहसा विचारला जात नाहीं. प्रस्तुत लेखांत या प्रश्नाचें एक लहानसें उत्तर देण्याचा यत्न केला आहे. त्यासाठीं दोन उत्कीर्ण लेख साधन म्हणून घेतले आहेत. पहिला नाशिकच्या पांडवलेण्यांतील, दुसरा चिंचणी येथील ताम्रपटांपैकीं. दोहोंमध्यें सुमारें आठ शतकांचें अंतर आहे. पण दोन्ही लेख एकाच किनाऱ्याविषयीं व एकाच प्रकारच्या दानाविषयीं बोलतात. तें दान म्हणजे पाणी ओलांडणाऱ्यास विनामूल्य नाव.

प्रस्तुत लेखक परभणी जिल्ह्यांतील, गोदातीरच्या गंगाखेडचा. समुद्र त्यानें उतारवयांत पाहिला. तेव्हां कोंकणच्या बंदरांविषयीं त्यानें लिहावें हें कित्येकांस धाष्टर्य वाटेल. परंतु नदीकांठच्या माणसास नावाड्याचा व्यवहार लहानपणापासून ठाऊक असतो, आणि त्या ओळखीच्या बळावरच शिलालेखांतील एका शब्दाचा अर्थ येथें लावून पाहिला आहे. तो अर्थ ग्राह्य कीं त्याज्य, हें जाणत्यांनीं ठरवावें.

(२)

नाशिकच्या दहाव्या क्रमांकाच्या लेण्यांत क्षहरात क्षत्रप नहपान याचा जांवई, दीनीकाचा पुत्र उषवदात ऊर्फ ऋषभदत्त, याचे लेख आहेत. नहपानाचा काळ इसवी सनाच्या पहिल्या शतकांत घालावा कीं दुसऱ्याच्या आरंभीं, याविषयीं विद्वानांत मतभेद आहे. प्रस्तुत विषयास त्यानें बाध येत नाहीं. यांपैकीं मुख्य लेखाची भाषा संस्कृत, पण प्राकृताच्या वळणावर गेलेली आहे. त्यांत उषवदातानें केलेलीं दानें एकामागून एक सांगितलीं आहेत. भरुकच्छ, दशपुर, गोवर्धन व शोर्पारग, म्हणजे भडोच, मंदसोर, नाशिकजवळचें गोवर्धन व सोपारें, या चार ठिकाणीं त्यानें चौसोपी धर्मशाळा बांधल्या. बागा, तळीं व विहिरी केल्या. त्यानंतर सहा नद्यांचीं नांवें येतात: इबा, पारादा, दमण, तापी, करबेणा आणि दाहनुका. या नद्यांवर त्यानें ‘नावापुण्यतर’ केला, आणि त्यांच्या दोन्ही तीरांवर सभा व प्रपा, म्हणजे बसावयाचे मांडव व पाणपोया, घातल्या, असें लेख सांगतो. पुढें नानंगोल गांवींचीं नारळीचीं रोपें सोपाऱ्याच्या रामतीर्थासह चार ठिकाणच्या चरकपरिषदांना दिल्याचें आहे. तीं बत्तीस हजार होतीं असा अर्थ सामान्यतः घेतात.

या सहांपैकीं पारादा ही पार नदी, दमण ही दमणगंगा व तापी ती तापीच, याविषयीं वाद नाहीं. इबा ही अंबिका असावी असें मानतात. करबेणेच्या ओळखीविषयीं एकमत नाहीं. दाहनुका म्हणजे डहाणूची खाडी, हें नांवावरूनच उघड आहे. आज पालघर जिल्ह्यांत असलेलें डहाणू हें मासेमारीचें गांव या लेखामुळें सुमारें एकोणीसशें वर्षें तरी एकाच नांवानें ओळखलें जात आहे असें म्हणतां येतें. असें भाग्य मोठमोठ्या राजधान्यांनाही लाभलेलें नाहीं.

लेखांतील नद्यांचा क्रम दक्षिणोत्तर नाहीं. तापी मध्येंच येते. म्हणून लेखकु वाटेनें चालत गेला व त्यानें नांवें टिपलीं असें समजूं नये. तथापि नकाशा पुढें घेतला असतां हेतु लक्षांत येतो. सोपाऱ्याहून भडोचेस समुद्रकांठानें जाणाऱ्या माणसास कांहीं कोसांच्या अंतरानें एक खाडी वा नदीचें मुख आडवें येतें. भरतीच्या वेळीं तेथें उतार मिळत नाहीं, ओहोटीच्या वेळीं चिखल असतो. म्हणजे या वाटेचें खरें नाकें डोंगरांत नव्हे तर पाण्यावर होतें. ज्याच्या हातीं नाव, त्याच्या हातीं वाट.

(३)

आतां ‘नावापुण्यतर’ या शब्दाकडे वळूं. ‘नावा’ म्हणजे नावेनें. ‘तर’ हा शब्द ‘तॄ’ धातूपासून झाला आहे. तरी, तीर, तीर्थ, तसेंच आपल्या मराठींतील तारूं, उतार व उतारू हे सर्व शब्द त्याच कुळांतले. परंतु धर्मशास्त्रांत व अर्थशास्त्रांत ‘तर’ याचा आणखी एक रोकडा अर्थ आहे. तो म्हणजे नदी उतरण्याबद्दलचें देणें. मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायांत त्याचे दर दिले आहेत. गाडीस एक पण, माणसाच्या ओझ्यास अर्धा, पशु व स्त्री यांस पाव, आणि रिकाम्या पुरुषास पावाचा अर्धा. दोन महिन्यांपुढील गर्भिणी, संन्यासी, मुनि व ब्राह्मण यांस देणें माफ. हे दर नदीपुरतेच असून समुद्रावर असा नियम नाहीं, हेंही स्मृतिकार स्पष्ट सांगतो.

कौटिल्याच्या अर्थशास्त्रांत नावध्यक्षाचें एक संपूर्ण प्रकरण आहे. तें वाचलें म्हणजे नदीवरील तर हें राजाचें उत्पन्न होतें याविषयीं शंका उरत नाहीं. त्याच प्रकरणांत मासे धरणाऱ्यांनीं नौकाभाटक म्हणून आपल्या धरणुकीचा सहावा हिस्सा द्यावा असें आहे. म्हणजे मासेमार व उतारू या दोघांकडूनही एकच अधिकारी वसुली करी.

तेव्हां ‘पुण्यतर’ म्हणजे केवळ ‘चांगली नाव’ नव्हे. जेथें तर देणें नेहमींचें होतें, तेथें तो पुण्यार्थ सोडला, असा तो अर्थ आहे. भाषांतरकार ‘धर्मार्थ नाव’ असें म्हणतात तें बरोबरच आहे. पण तेवढ्यानें एक प्रश्न सुटत नाहीं. उतारूनें कांहीं दिलें नाहीं, तर नावाड्यानें काय खाल्लें?

(४)

हा प्रश्न मला पुस्तकावरून सुचला नाहीं. माझ्या लहानपणीं, म्हणजे इ.स. १९७० च्या सुमारास, आमच्या भागांतील कित्येक गांवांना गोदावरीवर पूल नव्हता. भोई मंडळी नाव चालवीत आणि तीच मासे धरीत. आम्ही पोरें नावेंत बसून पलीकडे जात असूं, पण आमच्याकडे कोणी पैसा मागत नसे. एकदां बरोबरीच्या मुलापाशीं मी ‘ही नाव फुकटची आहे’ असें बोललों. तें म्हाताऱ्या नावाड्यानें ऐकलें. वल्हें न थांबवतां तो म्हणाला, “फुकट कशी रे बाळा? तुझ्या आज्यानं खळ्यावर माप घातलंय की.”

पुढें मला समजलें तें असें. कांठच्या गांवांतील प्रत्येक घर सुगीच्या वेळीं नावाड्यास जोंधळा मापून देई, व मग वर्षभर त्या घराच्या माणसांस नावेचें भाडें पडत नसे. परगांवचा उतारू मात्र रोख देई. पुष्कळ वर्षांनीं शाळेतील मुलांसाठीं अर्थशास्त्राचीं टिपणें काढीत असतां नावध्यक्षाच्या त्याच प्रकरणांत एक लहानसें वाक्य पुढें आलें. त्याचा आशय असा कीं, पाण्याकांठच्या गांवांनीं ठरलेलें भक्तवेतन, म्हणजे नावाड्याचें अन्न व मजुरी, द्यावें. ‘आनूपग्राम’ असा तेथें शब्द आहे. आमच्या भोयाचें माप हें त्याच व्यवहाराचें उरलेलें रूप, असें तेव्हां मला वाटलें, व आजही वाटतें.

याच लेण्यांतील दुसऱ्या लेखावरून उषवदाताची दान करण्याची रीत आपणांस कळते. त्यानें तीन हजार कार्षापण अक्षयनिधि म्हणून गोवर्धन येथील श्रेणींत ठेवले. त्यांपैकीं दोन हजार एका श्रेणीकडे दरमहा शेंकडा एक व्याजानें, आणि एक हजार दुसरीकडे दरमहा शेंकडा पाऊण व्याजानें. मूळ रक्कम मोडावयाची नाहीं, व्याजांतून भिक्षूंचा खर्च चालवावयाचा. ज्या माणसानें भिक्षूंच्या चीवरांची अशी कायमची तजवीज केली, त्यानें सहा नद्यांवरील नावाड्यांना कांहीं न देतां वल्हीं मारावयास लावलें असेल हें संभवत नाहीं. नावाड्यांच्या पोटाची तजवीज त्यानें एखाद्या निधींतून किंवा तीरावरच्या गांवांच्या देण्यांतून केली असावी. हा तर्क आहे, पुरावा नव्हे. लेख याविषयीं मुका आहे. पण ‘पुण्यतर’ याचा अर्थ ‘कोणींही किंमत न दिलेली नाव’ असा नसून ‘जिची किंमत दुसऱ्या कोणीं आधींच दिली आहे अशी नाव’ असा घ्यावा, एवढेंच माझें म्हणणें आहे.

येथें एक इशारा देणें अवश्य आहे. ज्यांच्याकडे निधि ठेवला त्या श्रेणींना लेखांत ‘कोलिकनिकाय’ म्हटलें आहे. हें पाहून कित्येक हौशी मंडळी तेथें कोळी लोकांची श्रेणी होती असें समजतात. तें बरोबर नाहीं. कोलिक किंवा कौलिक म्हणजे विणकर, आपला कोष्टी. शब्दांच्या सारखेपणावरून जातीचा इतिहास रचण्याचा मोह प्राचीन संशोधनांत फार घात करतो.

(५)

मग नावेवर बसलेला मनुष्य कोण होता? याचें उत्तर मात्र शब्दांवरूनच, पण भक्कम आधारानें, देतां येतें. मनुस्मृतींत नावाड्याच्या चुकीनें मालाचें नुकसान झालें तर तें सर्व नावाड्यांनीं मिळून भरून द्यावें असें सांगतांना त्यांस ‘दाश’ म्हटलें आहे. अमरकोशांत दाश, कैवर्त व धीवर हे पर्याय आहेत. म्हणजे नाव हांकणारा आणि मासे धरणारा हे कोशकाराच्या दृष्टीनें एकच. अर्थशास्त्रांतही अवेळीं वा घाट सोडून नदी उतरणाऱ्यांस दंड सांगितला असून कैवर्तांस त्यांतून वगळलें आहे. पाण्यावर त्यांना अवेळ कसली?

परदेशी पुरावाही याच दिशेनें जातो. ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासवर्णनांत भडोचच्या आखातांत शिरणें किती अवघड आहे तें सांगून पुढें म्हटलें आहे कीं, राजाच्या चाकरींतील त्या देशचे मासेमार त्रप्पग व कोटुंब नांवाच्या मोठ्या होड्या घेऊन सुराष्ट्राच्या किनाऱ्यापर्यंत सामोरे जातात आणि परकीं गलबतें उथळ जागा चुकवून बंदरांत आणतात. भरतीबरोबर गलबतें ओढीत नेणें व ओहोटीस ठरलेल्या ठिकाणीं नांगरणें, हें काम त्यांचें. या ग्रंथांत त्या प्रदेशाच्या राजाचें जें नांव येतें तो नहपानच, असें पुष्कळ विद्वान मानतात. तसें असेल तर ज्या राजाच्या जांवयानें सहा नद्यांवर पुण्यतर केला, त्याच राजाच्या पदरीं मासेमार हे वाटाडे म्हणून होते, व त्यांच्या ज्ञानावर त्याचें जकातीचें उत्पन्न अवलंबून होतें. लेण्यांत दात्याचें, त्याच्या बापाचें, सासऱ्याचें व पत्नीचेंही नांव कोरलें आहे. ज्यांनीं नाव चालविली त्यांचें एकही नांव नाहीं.

(६)

दुसरा लेख चिंचणीचा. चिंचणी हें डहाणू तालुक्यांतील समुद्रकांठचें गांव. तेथें मिळालेल्या ताम्रपटांपैकीं एक राष्ट्रकूट राजा तिसरा इंद्र याच्या काळचा, शके ८४८, म्हणजे इ.स. ९२६ चा आहे. हे पट दिनेशचंद्र सरकार यांनीं संपादून ‘एपिग्राफिया इंडिका’ मध्यें प्रसिद्ध केले. या पटांत संयान मंडळाचा, म्हणजे संजाण प्रांताचा, अधिकारी मधुमति नांवाचा असून तो ताजिक, म्हणजे अरब, होता असें म्हटलें आहे. मधुमति हें मुहम्मद याचें संस्कृत रूप. त्याच्या बापाचें नांव साहियारहार असें दिलें आहे. तें शहरियार असावें. हा प्रांत त्यास दुसऱ्या कृष्णानें दिला होता. त्यानें किनाऱ्यावरील बंदरांचे अधिपति जिंकून तेथें आपलीं माणसें नेमलीं असें सांगितल्यावर पट त्याचीं दोन पुण्यकृत्यें वर्णितो. एक, दोन नद्यांवर विनामूल्य नाव. दुसरें, साळीचा भात, कालवण व तूप जेथें फुकट मिळे असें अन्नछत्र. त्याच पटावरून संजाण येथील एका ब्राह्मणानें बांधलेल्या मठिकेस जमीन दिल्याचें कळतें.

पहिला दाता शक, दुसरा अरब. दोघेही या भूमीस मुळचे परके. दोघांनींही येथील बंदरें हातीं येतांच प्रथम नावेचा धर्म केला. याला केवळ योगायोग म्हणवत नाहीं. या किनाऱ्यावर राज्य करावयाचें तर खाड्या मोकळ्या ठेवल्या पाहिजेत, व लोकांनीं आपलें म्हणावें असें वाटत असेल तर त्या फुकट उतरूं दिल्या पाहिजेत, ही गोष्ट जो येई त्यास कळत असे. ती त्यास कोण सांगत असेल? राजे व मंत्री बदलत गेले. न बदलणारा एकच वर्ग तेथें होता, तो म्हणजे किनाऱ्यावरचा मासेमार. पुण्यतराची परंपरा टिकली ती त्याच्या जिभेवर व हातांवर टिकली असावी, असें मला वाटतें.

चिंचणीच्याच पटांपैकीं शिलाहारांचा मांडलिक चामुंडराज याच्या वेळचा, शके ९५६ (इ.स. १०३४) चा, आणखी एक आहे. त्यांत मठिकेस तेलाचा घाणा दिला असून संजाणच्या नागरिकांत ‘हंयमन’ असा उल्लेख येतो. पारशांची अंजुमन ती हीच, असें कित्येकांचें मत आहे. एका बंदरांत ब्राह्मणांचा मठ, अरब अधिकारी, बहुधा पारशी व्यापारी, आणि या सर्वांस पार करणारा नावाडी, असें चित्र या पटांवरून उभें राहतें. त्यांतील शेवटचा मनुष्य मात्र येथेंही अनामिकच आहे.

(७)

यानंतरच्या काळांत साधनें वाढतात. केळवें-माहीम प्रांतासाठीं राजवाड्यांनीं इ.स. १९२४ मध्यें छापलेली महिकावतीची बखर आहे, पोर्तुगीजांचे कागद आहेत, इ.स. १७३९ च्या वसईच्या मोहिमेचीं पत्रें आहेत. त्या मोहिमेंत तारापूर, डहाणू, केळवें येथील ठाणीं मराठ्यांकडे आलीं, आणि तारापुरावर बाजी भिवराव पडला, हें सर्वांस ठाऊक आहे. परंतु त्या लष्करास खाड्यांपलीकडे कोणीं उतरविलें, याची चौकशी अजून व्हावयाची आहे.

ती चौकशी आतां लांबणीवर टाकतां येणार नाहीं. डहाणू तालुका इ.स. १९९१ पासून पर्यावरणदृष्ट्या नाजूक म्हणून घोषित आहे. त्याच तालुक्यांत चिंचणीपासून जवळ असलेल्या वाढवण येथें नवें महाबंदर होत आहे. त्यास केंद्रीय मंत्रिमंडळानें जून २०२४ मध्यें मान्यता दिली. ३० ऑगस्ट २०२४ रोजीं पायाभरणी झाली. खर्चाचा अंदाज ७६,२२० कोटी रुपयांचा सांगितला गेला. किनाऱ्यावरील मांगेला, वैती, भंडारी इत्यादि मासेमार समाजांनीं त्यास दीर्घकाळ विरोध केला आहे. बंदर व्हावें कीं न व्हावें हा निर्णय या नियतकालिकाच्या कक्षेंतला नाहीं. पण इतिहासाच्या अभ्यासकास त्यांत एक गोष्ट दिसते. समुद्रांत डोलजाळीं रोवण्याच्या ज्या जागा, ज्यांस तिकडे कव म्हणतात, त्या पिढ्यान्‌पिढ्या वहिवाटीनें चालत आल्या आहेत; त्यांवरून गांवागांवांत तंटेही होतात. अशा वहिवाटीचा सातबारा नसतो. ज्याचा कागद नाहीं त्याचा हक्क मोजतांना गळतो. आमच्या नावाड्याचें माप जसें खळ्यावर पडे पण कोणत्याही वहींत चढत नसे, तसेंच हें आहे. पुढें पूल झाले, नावा बंद पडल्या, व ज्या घरांनीं पिढ्यान्‌पिढ्या लोक पार केले त्यांच्याजवळ तसें दाखविणारा चिठोरासुद्धां राहिला नाहीं.

म्हणून हस्तलिखितांच्या संग्राहकांस एक विनंति आहे. दप्तरें चाळतांना ज्यावर शिक्का नाहीं, मोर्तब नाहीं, असे लहान कागद आपण बाजूस टाकतों. त्यांतच होडीच्या खरेदीविक्रीच्या चिठ्ठ्या, सावकारी खतें, जमातीच्या पंचांचे निवाडे, तराच्या इजाऱ्याचे व नावाड्याच्या इनामाचे कागद असतात. ते टाकूं नयेत. किनाऱ्यावरील सज्जनांनीं कोळीवाड्यांतील व जुन्या सहकारी सोसायट्यांतील दप्तरें पाहावीं, आणि कव, खडक, खाडीचे उतार यांचीं वृद्धांच्या तोंडचीं नांवें तारीखवार टिपून ठेवावीं. गोदा, पूर्णा, भीमा यांच्या कांठच्या मंडळींनीं देशमुख-देशपांड्यांच्या रुमालांत ‘नाव’, ‘तर’, ‘उतार’ हे शब्द शोधावे. आमच्या गंगाखेड भागापुरतें हें काम मीं हातीं घेतलें आहे. आतांपर्यंत मिळालें तें थोडें, पण त्यांत सुगीच्या मापाचा उल्लेख असलेली एक फाटकी यादी आहे. तिच्यावर घरवार पायल्या लिहिल्या असून शेवटच्या ओळींत, ज्याला तें धान्य द्यावयाचें त्या भोयाचें नांव आहे. ती यादी वाचून झाल्यावर यथावकाश येथेंच सादर करीन.